कोण गॉर्डन?

ब्रूस विलिसला नीट मरू दिलं नाही, याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सुट्टीचा दिवस होता, सगळे जमलो होतो आणि टीव्हीवर 'आर्मागेडन' लागला होता. १९९८ चा हा सिनेमा मी किती वेळा पाहिलाय ते बायकोसुद्धा आता विचारत नाही. शेवटी पृथ्वीवर आदळायला निघालेल्या लघुग्रहाला भोक पाडून आत बॉम्ब पुरायला गेलेला ब्रूस विलिस त्यावर एकटा मागे राहतो, पृथ्वीवरच्या लेकीशी शेवटचं बोलतो, आणि तिथे माझे डोळे भरतात. दरवेळी भरतात. आमचा तसा करारच आहे. याही वेळी भरत आले होते, तेवढ्यात चित्र थांबलं.

रिमोट साडूंच्या हातात होता.

"एक मिनिट," साडू म्हणाले.

आमचे साडू पेशाने इंजिनियर आणि स्वभावाने परीक्षक. रिमोट धरायची त्यांची एक पद्धत आहे. दोन्ही हातांत धरतात आणि दोन्ही अंगठे बटणावर टेकवून ठेवतात, समोरच्याची चूक व्हायची वाट बघत. आणि चित्र थांबवायचा मुहूर्त त्यांना बरोबर साधतो. ब्रूस विलिसचा एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा, ओठ वाकडे. जगासाठी प्राण द्यायला निघालेला माणूस शिंक अडल्यासारखा दिसत होता.

"हा दगड केवढा म्हणून सांगितलाय यांनी?"

"टेक्सासएवढा," मी म्हणालो. आवाज थोडा ओला लागला असावा.

"टेक्सासएवढा. म्हणजे धरा हजार-बाराशे किलोमीटर. आता लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा कोण? सेरेस. तो साडेनऊशेच्या आत. आणि तो सापडला कधी?"

मी गप्प. मेहुणी सवयीने गप्प.

"१ जानेवारी १८०१! तेव्हाच्या दुर्बिणीतून! आणि त्याहून मोठा धोंडा अंगावर येतोय, आदळायला अठरा दिवस उरलेत, तोवर नासाला पत्ता नाही?"

"साडूभाऊ, तो मरतोय हो. दोनच मिनिटं द्या."

"मरू दे की. माझी कुठे हरकत आहे? पण कशावर मरतोय ते तरी बघाल की नाही?" मग ते माझ्याकडे वळले, चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही रडताय?"

खोलीतली सगळी डोकी वळली. इतका वेळ मोबाइलमध्ये मान घालून बसलेलं त्यांचं पोरगंसुद्धा वर बघायला लागलं.

"आकार चुकलेल्या दगडावर?" साडू म्हणाले.

आता, हे सगळं मला कळत नाही अशातला भाग नाही. त्यात काम केलेल्या खुद्द बेन ॲफ्लेकने त्या सिनेमाच्या डीव्हीडीवर सांगून ठेवलंय, की तेलविहिरी खोदणाऱ्यांना अंतराळवीर करण्यापेक्षा अंतराळवीरांना भोक पाडायला शिकवणं सोपं नाही का, असं त्याने दिग्दर्शक मायकल बेला विचारलं होतं आणि बेने त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. मी हे ऐकवलं. वाटलं, साडू म्हणतील, वा, तुम्हीही वाचता की! तर ते म्हणाले, "म्हणजे त्यालाही कळलं होतं. तुम्हालाच नाही कळलं."

पुढे त्यांनी नासाच्या 'डार्ट' यानाची गोष्ट सांगितली. ती मात्र खरी आहे आणि सुंदरही आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला हे यान साधारण १६० मीटरच्या डायमॉर्फस नावाच्या दगडावर मुद्दाम नेऊन आदळवलं. वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर. तो दगड आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती बारा तासांना पाचेक मिनिटं कमी असताना एक फेरी मारायचा. टक्कर झाल्यावर फेरीची वेळ अर्ध्या तासाहून जास्त घटली. ना बॉम्ब, ना तेलविहिरी खोदणारे, ना मागे राहिलेली लेक. संगणकापुढे बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. "असं असतं खरं काम," साडू म्हणाले. मान्य. पण अशा कामाचं तिकीट काढून कोण जाईल? ज्यात कोणी मरणार नाही तिथे रडायची सोय काय?

या चुका काढणाऱ्या मंडळींचं एक बरं चाललंय. त्यांचं ऐकलंही जातं. 'टायटॅनिक'मध्ये दाराच्या फळीवर तरंगणाऱ्या रोझच्या डोक्यावरचं आकाश चुकीचं आहे म्हणून नील डिग्रास टायसन हे खगोलशास्त्रज्ञ इतकी वर्षं मागे लागले, की २०१२ मध्ये सिनेमा पुन्हा आला तेव्हा जेम्स कॅमेरॉनने तारे बदलले. त्या दारावर दोघं मावले असते का, यावरून लोकांनी इतका छळ मांडला, की शेवटी त्याने माणसं थंड पाण्यात उतरवून प्रयोग केला आणि २०२३ मध्ये कबूल केलं, की अमुकतमुक केलं असतं तर जॅक कदाचित वाचलाही असता. मिळालं समाधान? दीड हजार माणसं बुडाली त्या रात्री, खरीखुरी, आणि आपण एका काल्पनिक पोराच्या फळीची लांबी-रुंदी मोजतोय.

इथून मला खरा राग यायला लागला, आणि तो ब्रूस विलिसपुरता राहिला नाही.

मी म्हणालो, "साडूभाऊ, तो जगबुडीचा '२०१२' सिनेमा बघितलाय?"

"बघितलाय म्हणजे? न्यूट्रिनोंनी म्हणे पृथ्वीचा गाभा तापला! न्यूट्रिनो! अहो, सूर्यावरून येणारे अतिसूक्ष्म कण ते, या क्षणी तुमच्या अंगातून अब्जावधी आरपार जातायत. तापलात का तुम्ही?"

तापलो होतो. पण कारण वेगळं होतं.

"न्यूट्रिनो राहू द्या. त्यातल्या गॉर्डनचं काय?"

"कोण गॉर्डन?"

हेच. सिनेमातला न्यूट्रिनो लक्षात राहतो, गॉर्डन राहत नाही. नायकाने संसाराकडे लक्ष दिलं नाही, बायको सोडून गेली. तिच्या आयुष्यात आलेला, तिच्या पोरांशी चांगला वागणारा, साधा प्लास्टिक सर्जन म्हणजे गॉर्डन. विमान उडवायचे थोडेफार धडे घेतलेला. लॉस एंजलिस समुद्रात कोसळत असताना तो त्या धड्यांच्या भरवशावर सगळ्यांना उचलून बाहेर काढतो. नायकालाही. आणि शेवटी त्या अवाढव्य जहाजाच्या दातेरी चाकांत सापडून चिरडतो. कशासाठी? तर नायकाला बायको परत मिळायला जागा रिकामी व्हावी म्हणून. थोड्याच वेळात ते दोघं एकमेकांच्या गळ्यात. सुतकाचा विषयच नाही.

(गॉर्डनचं काम करणारा टॉम मॅकार्थी पुढे दिग्दर्शक म्हणून 'स्पॉटलाइट' घेऊन आला आणि त्याला उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. मला वैयक्तिक आनंद झाला होता.)

"भूकंपाचा तो 'सॅन अँड्रियास' सिनेमा घ्या," मी आता थांबत नव्हतो.

"तो भ्रंश, म्हणजे कॅलिफोर्नियातली जमिनीची भेग, आडवी सरकते," साडू लगेच. "त्याने तेवढी त्सुनामी—"

"हेलिकॉप्टर कोणाचं होतं?"

"आँ?"

२०१५ च्या त्या सिनेमात ड्वेन जॉन्सन अग्निशमन दलाचा बचाव वैमानिक आहे. भूकंप होतो. शहरात लाखो लोक अडकलेले. हा सरकारी हेलिकॉप्टर घेतो आणि कुठे जातो? स्वतःच्या बायकोला वाचवायला. मग लेकीला. वाटेत हेलिकॉप्टर बदलून गाडी, विमान, बोट. ड्युटी गेली खड्ड्यात. बायकोचा नवा जोडीदार इथेही चिरडून मरतो. हा निदान नालायक दाखवलाय. आणि आपण टाळ्या वाजवतो. उद्या खरंच काही कोसळलं आणि सुटकेचं हेलिकॉप्टर आपल्या डोक्यावरून वैमानिकाच्या सासुरवाडीकडे निघून गेलं तर वाजवणार आहोत का टाळ्या?

आणि त्या सिनेमांतली गर्दी! नेहमी किंचाळत, एकमेकांना तुडवत पळणारी. आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे कित्येक दशकं घसा कोरडा करून सांगतायत, की बहुतेक ठिकाणी असं काही होत नाही. ढिगाऱ्याला पहिला हात लावतात ते शेजारीच, ओळखीचे-अनोळखी. म्हणजे तुम्ही-आम्ही बऱ्यापैकी शहाणे निघतो. पण आपल्याला पडद्यावर कायम मेंढरं केलंय. तारे चुकले तर दिग्दर्शक ते बदलतो. आमची बेअब्रू झाली तर रिमोटसुद्धा कोणी दाबत नाही.

हे सगळं मी उभं राहून बोललो असणार, कारण बायको हलकेच "बसा आता" म्हणाली.

साडूंनी जरा विचार केला. "पण गॉर्डनच्या मरण्यात तांत्रिक चूक काही नाही," ते म्हणाले. "त्या चाकांत माणूस वाचणार नाहीच."

आता यावर काय बोलायचं? '२०१२'चा शेवट मी मनातल्या मनात आठवून घेतला. शहरं गेली, हिमालयावरून पाणी गेलं, अब्जावधी माणसं गेली, गॉर्डन गेला. आणि अगदी शेवटी ती सात वर्षांची मुलगी बापाला सांगते, की आता तिला झोपताना लंगोट लागत नाही. बाप खूश होतो. सिनेमा संपतो.