चिखल कुठे मिळेल?

"मावशी, इथे जवळपास चिखल कुठे मिळेल?"

आषाढातला रविवार, सकाळचे साडेसहा. पौडच्या अलीकडे रस्त्याकडेला चहाची टपरी. मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या इस्त्रीच्या पँटकडे, मग मागे उभ्या असलेल्या गाडीकडे. चेहरा तसूभरही हलला नाही. म्हणाल्या, "किती पाहिजे?"

प्रश्न रास्त होता. मला तीन-चार किलोमीटर पाहिजे होता.

हे माप आमच्या मिस्त्रींचं. जुनी फोर बाय फोर गाडी वापरून बिघडते त्याहून जास्त न वापरून बिघडते, असं त्यांचं म्हणणं. डांबरी रस्त्यावर माझी गाडी मागच्या दोन चाकांवरच चालवायची असते. पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट, ती त्या दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल, छोट्या गिअरची सगळी सांगड, हे सारं एरवी गाडीच्या पोटाखाली घरजावयासारखं बसून असतं. बसून बसून तेल तळाशी उतरतं, वरचे दाते कोरडे पडतात, ऑइल सील वाळतात आणि चारही चाकं जोडणारा छोटा लिव्हर एक दिवस जागच्या जागी देह ठेवतो. म्हणून महिन्यातून एकदा चारही चाकं जोडून तीन-चार किलोमीटर न्यायची. "पण डांबरावर नाही हां साहेब," मिस्त्रींनी बजावलं होतं. "मातीत. चिखल असला तर उत्तम."

डांबरावर का नाही, ते मला पालखी पाहताना समजलं. वळणावर पुढच्या भोयांना लांबचा फेरा पडतो, मागच्यांना जवळचा. माणसं शहाणी, पावलं लहानमोठी करून घेतात. माझ्या गाडीत चारही चाकं जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी ठाम बांधले जातात, कुणालाच पाऊल बदलायची मुभा नाही. चिखलात एखादं चाक जरा घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते. मग तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये साठत जातो आणि शेवटी एखादा गरीब दाता सगळ्यांच्या वतीने तो चुकता करतो. त्या दात्याची किंमत मला माहीत आहे. सांगणार नाही, कारण ती घरातही सांगितलेली नाही.

मुळात ही गाडी घेतलीच का, यावर घरात अजून सुनावणी चालू आहे. पुण्यात माणूस पन्नाशीला आला की तबला शिकतो, रोज पर्वती चढतो, नाहीतर मुळशीत जमीन घेतो. मला ताल नाही, गुडघा नाही आणि जमिनीचे पैसे नाहीत. तेव्हा निदान जमिनीपर्यंत पोचणारी गाडी घ्यावी असं मनाने घेतलं.

"आत्ताच्या गाडीला किती चाकं आहेत?" बायकोने विचारलं.

"चार. पण त्यातली दोनच ओढतात. उरलेली दोन नुसती बरोबर येतात."

"मग अहो, इतकी वर्षं त्या दोघांत हवा कशाला भरली?"

गाडीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे उंच आणि खोक्यासारख्या दिसणाऱ्या कुठल्याही गाडीला जीपच म्हणतात. १९४७ मध्ये महिंद्रांनी विलीज जीप इथे जोडायला घेतली, तेव्हापासूनची सवय. शिवाय पुढच्या हकिगतीत कंपनीचा काही दोष नाही. कंपनीने २०१२ साली चांगली गाडी बनवून दिली होती. नंतरचं सगळं माणसांनी केलं, त्यात शेवटचा माणूस मी.

जुन्या जिपांच्या जाहिराती वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की विकायला निघालेली प्रत्येक जीप डॉक्टरांनी वापरलेली आहे. सिंगल हँड, डॉक्टर ओन्ड, फक्त रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला नेलेली. एवढे डॉक्टर गडावर असतील तर दवाखान्यात कोण बसत होतं, कुणास ठाऊक. मी भाबडेपणाने एका डॉक्टरांना इसार द्यायला निघालो होतो, तेवढ्यात मेहुण्याने मिस्त्रींची गाठ घालून दिली.

मिस्त्री म्हणजे किडकिडीत, मितभाषी माणूस. हत्यारं तीन: स्क्रूड्रायव्हर, बॅटरी आणि पोतं. पोतं जमिनीवर पसरून गाडीखाली शिरायला. त्यांचा पहिला नियम, विकणाऱ्याला दहाची वेळ द्यायची आणि सात वाजता जायचं. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर इंजिन आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे गार असताना ते चालू होताना खोकतं, धूर सोडतं किंवा होतच नाही. "थंड इंजिन खोटं बोलत नाही साहेब," ते म्हणाले. हे वाक्य मी नंतर ऑफिसात दोन ठिकाणी वापरलं, उगाच.

पहिली गाडी खालून काळीभोर चकचकीत. मला वाटलं, काय निगा राखलीय! मिस्त्री म्हणाले, "नवरीला एवढी पावडर कशाला?" आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण, भद्. जिथे भद् वाजलं तिथे टोक टेकवलं, ते आत गेलं. पूर्ण गेलं. मालक म्हणाले, "अहो, तुम्ही भोक पाडलंत!" मिस्त्री म्हणाले, "मी फक्त रंग पाडला. भोक आधीचंच आहे."

दुसऱ्या गाडीचा छोटा लिव्हर ओढला तर लोण्यासारखा पडला. मी खूश. मातीवर नेली, चारही चाकं जोडली, तरी पुढची चाकं गप्प. मिस्त्री पोतं घेऊन खाली गेले आणि खालून त्यांचं हसू ऐकू आलं. मी त्यांना हसताना त्याआधी किंवा त्यानंतर ऐकलेलं नाही. पुढचा शाफ्टच नव्हता. मालकांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "अ‍ॅव्हरेज सुधारतो म्हणून काढून ठेवलाय. माळ्यावर आहे. पाहिजे असेल तर त्याचे वेगळे."

तिसरी गाडी आतून इतकी स्वच्छ होती की अत्तराचा वास येत होता. मिस्त्रींनी सीटबेल्ट धरून शेवटपर्यंत ओढला. पट्टा नेहमी जेवढा बाहेर येतो, त्याच्या पुढच्या भागावर एक तपकिरी आडवी रेघ. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा पुण्यात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या होत्या. सीटची कव्हरं बदलता येतात, गालिचा बदलता येतो, पण सीटबेल्ट आतपर्यंत धुवायचं कुणाला सुचत नाही.

"चहा सांडला होता," मालक म्हणाले.

"दोन्ही पट्ट्यांवर? एकाच उंचीवर?"

"दोघंही चहा पीत होतो."

चौथी आम्ही घेतली. निर्दोष होती म्हणून नाही, तर तिचे दोष मिस्त्रींना ओळखीचे होते म्हणून. पुढच्या अ‍ॅक्सलचं झाकण उघडून त्यांनी बोट घातलं, तर तेल कॉफीसारखं दुधाळ. म्हणजे आत पाणी शिरलेलं. आधीच्या मालकाने लांबून तापून आलेली गाडी थेट ओढ्यात उभी करून फोटो काढले असणार. तापलेला अ‍ॅक्सल एकदम गार झाला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून म्हणजे हवेच्या भोकातून पाणी ओढून घेते. शिवाय चार चाकांना चार तऱ्हेचे टायर. दोन चाकांच्या गाडीला ते एकवेळ खपतं, इथे चारही एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले लागतात, नाहीतर सरळ रस्त्यावरही तो पालखीचा घोळ सुरूच. या दोन्हींचे पैसे मिस्त्रींनी किमतीतून कापून घेतले. आणि मला म्हणाले, "किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढे वेगळे काढून ठेवा, पहिल्या वर्षाला लागतील." मी मान डोलावली आणि ते पैसे टपावरचं कॅरियर आणि पुढचे दिवे यांत घातले. कॅरियर बसवून गाडी सोसायटीच्या तळघरात नेताना कळलं, की आमच्या बीमची उंची आधीच्या गाडीला पुरेल एवढीच होती.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो, त्यात गंमत काही नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरवायला ३५, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर २८. चासी नंबर पुस्तकातला आणि लोखंडावरचा, दोन्ही आपल्या डोळ्यांनी जुळवायचे. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज टाकायचा. पंधरा वर्षांची नोंदणी माझी २०२७ ला संपते, मग पुन्हा तपासणी आणि पर्यावरण कर. पुढे बसवलेला लोखंडी गार्ड काढून टाकायचा, २०१७ च्या डिसेंबरपासून तो चालत नाही. मी काढला, तर त्याच्यामागे हेडलाइटखालचा पत्रा चेपलेला निघाला. झालं कागदपत्रांचं.

खरी साधना ग्रीसची. दर महिन्याला आणि पाण्यातून गेल्यावर लगेच, शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसना आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीस गनने ग्रीस भरायचं. जुनं काळं ग्रीस पाण्यासकट बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. त्यासाठी निपलं, म्हणजे ग्रीस आत घालायची बारीक तोंडं, शोधावी लागतात. एकूण किती आहेत ते मला अजून नक्की समजलेलं नाही, दर वेळी एखादं नवं भेटतं. एकदा गाडीखाली पडलेलो असताना शेजारचे काका खाली वाकून म्हणाले, "काय, बिघडली?" म्हटलं, "बिघडू नये म्हणून चाललंय." ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पुण्यात गाडीला, गाईला आणि भाडेकरूला सारखाच विचारतात: "किती देते?"

"देते कुठली काका, घेते."

"पण आता भिडे पूल पाण्याखाली गेला तरी तुम्हाला चिंता नाही!"

खडकवासल्यातून पाणी सोडलं की हे वाक्य मला दर पावसाळ्यात किमान सहा जण ऐकवतात. चारही चाकं ओढायला लागली म्हणून गाडी तरंगायला लागत नाही, हे सांगून पाहिलं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर "मग घेतली कशाला" असे भाव उमटतात आणि मला उत्तर सुचत नाही.

सोसायटीने मात्र मला लेखी कळवलं. गाडीखालच्या फरशीवर तेलाचे चार थेंब दिसल्यावर खांबाला चिठ्ठी लागली: "इंजिनातील तेल इंजिनातच ठेवावे. फरशी सर्वांची आहे." ते इंजिनातलं नव्हतं, ट्रान्सफर केसचं होतं, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटून देणाऱ्या पेटीचं. तसं मी खाली पेनने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर: "तेही आपल्या घरी ठेवावे."

त्या गळतीचं सील आणि एक क्रॉस आणायला नाना पेठेत गेलो. दुकानदाराने विचारलं, "जुना आणलाय?" म्हटलं, "नाही, पण साधारण एवढा आहे," आणि बोटांनी दाखवला. तो म्हणाला, "साहेब, शिंप्याकडेही स्वतः जावं लागतं. कोटाचं माप फोनवर देता का?" आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. परत गेलो, क्रॉस काढून वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. गाडीच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाच्या गाडीत सालागणिक माप बदलतं. आता मी नाना पेठेत प्रेत ओळखायला जावं तसा जातो, पुडी उघडून दाखवतो आणि गप्प राहतो.

एवढं सगळं झाल्यावर उरला चिखल. तुम्हाला वाटेल, पुण्यात काय कमी? आहे ना, पण तो दोन खड्ड्यांमध्ये अर्धा फूट डांबर सोडून येतो, सलग तीन किलोमीटर कुठेच नाही. वेताळ टेकडीवर गाडी घालणं हा अपराधच, आणि पकडायला कुणी खास लागत नाही, सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा पुरेसे आहेत. बालेवाडीच्या बाजूला एक मोकळा प्लॉट सापडला होता. दोन महिने माझी गाडी तिथे सुखात लोळली. तिसऱ्या महिन्यात तिथे पत्रे लागले, पत्र्यांवर टॉवरचं चित्र आणि चित्रात पोहण्याचा तलाव. माझा चिखल लोकांनी करोडोंना विकत घेतला.

म्हणून पौड. मावशींनी चहाचे पैसे घेऊन हाताने दिशा दाखवली. तिथे भातलावणीच्या आधीची चिखलणी चाललेली. बांधावरच्या आजोबांना विचारलं, "बाबा, इथून गाडी फिरवली तर चालेल का?"

त्यांनी खाचराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "फिरवा की. फक्त निघाल दिवाळीत, कापणी झाल्यावर." मग दया येऊन त्यांनी ओढ्याकडे उतरणारी गाडीवाट दाखवली.

आणि खरं सांगतो, ती वीस मिनिटं गाडीने फेडून दिली. छोटा लिव्हर ओढला, खालून कुरकुर आली, मग पुढची चाकंही चालती झाली आणि एवढी अवजड गाडी चढावर म्हशीसारखी सावकाश, ठाम चालू लागली. बायको शेजारी दांडीला धरून बसली होती. ती म्हणाली, "हे एवढं चांगलं चालतं, तर रोज का नाही चालवत असं?" मी पालखीचा दृष्टान्त सुरू केला. ती म्हणाली, "पुढे ताम्हिणीत कांदाभजी खाऊ या."

घाईघाईत मी चारही चाकं जोडलेलीच ठेवून डांबरी रस्त्यावर चढलो आणि मुळशीकडे वळलो. टायरांनी चीं केलं, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडली. लिव्हर ओढला, हलेना. दोन्ही हातांनी ओढला, हलेना. मिस्त्रींना फोन लावला. पलीकडे देवळातली घंटा वाजत होती. ते म्हणाले, "पीळ बसलाय. स्टिअरिंग सरळ धरा आणि दहा फूट रिव्हर्स घ्या, आपोआप सुटेल."

दहा फूट. पावसाळ्यातल्या रविवारी, मुळशीच्या रस्त्यावर, सकाळी साडेआठला. आरशात पाहिलं तर अर्धं पुणे माझ्या मागे उभं होतं आणि हॉर्न वाजवत होतं. मी हात बाहेर काढून सगळ्यांना नम्रपणे मागे सरकायची खूण केली. एक जीपवाला मला वंदन करून एक फूट मागे सरकला, त्याला माहीत असावं. बाकीच्यांचं जमायला पाच मिनिटं लागली. मी रिव्हर्स टाकला आणि गाडी मागे घेऊ लागलो. सहाव्या-सातव्या फुटाला खालून खट् झालं आणि लिव्हर सुटला.

तेवढ्यात डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी स्कूटर माझ्या दाराशी आणून थांबली. फक्त डोळे दिसत होते, पण तेवढे पुरे होते.

"काका," ती म्हणाली, "मुळशी पुढे आहे."

तिला पीळ समजावून सांगावा म्हणून मी हँडल फिरवून काच खाली केली. बायकोने माझ्या अंगावरून हात घालून ती वर केली.