नुसती पिशवी काढून भागत नाही

‘अंग बाहेर येत असेल तर गर्भपिशवी काढणं हाच कायमचा उपाय’ हे लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. पिशवी उतरते ती तिला धरून ठेवणारे अस्थिबंध सैल पडल्यामुळे. ती काढली आणि वरचा आधार तसाच सोडला, तर पुढे योनीचा वरचा घुमटच खाली येऊ शकतो, आणि तो पुन्हा वर बांधणं जास्त अवघड. म्हणून पिशवी काढतानाच घुमट युटेरोसॅक्रल (पिशवीपासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडे, म्हणजे सॅक्रमकडे जाणारा) किंवा सॅक्रोस्पायनस (सॅक्रमपासून कटीच्या बाजूच्या हाडाकडे जाणारा) अस्थिबंधाला टाक्यांनी बांधायला हवा. सॅक्रोस्पायनसमध्ये टाका इश्चियल स्पाइनपासून (कटीच्या त्या हाडाच्या टोकापासून) साधारण २ सेंटिमीटर आत, मधल्या बाजूला घेतात, कारण स्पाइनच्या मागूनच पुडेंडल नस आणि रक्तवाहिन्या जातात. नंतर काही आठवडे त्या बाजूचा कुल्ला दुखू शकतो. बाईला हे आधीच सांगा, म्हणजे ती घाबरणार नाही. युटेरोसॅक्रलमध्ये मूत्रवाहिनी मुडपण्याची भीती, म्हणून शेवटी सिस्टोस्कोपीने (मूत्राशयात दुर्बीण घालून) दोन्ही मूत्रवाहिन्यांतून लघवी येतेय ना, हे पाहायचं. पिशवी ठेवूनही ती वर बांधता येते, हे तर लेखात आलंच नाही.

उतरलेल्या अंगाला आधार द्यायला बसवतात त्या कृत्रिम जाळीवर सरसकट बंदी आहे, हे लेखातलं विधानही बरोबर नाही. अमेरिकेत एफडीएने (तिथल्या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने) २०१९ मध्ये थांबवली ती अंग उतरण्यासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री. पोटातून सॅक्रमला बांधतात ती जाळी आजही वापरतात. आणि शस्त्रक्रियेआधी उतरलेला भाग वर ढकलून, लघवी भरलेली असताना खोकायला लावाच. अंग खाली असताना मूत्रमार्ग मुडपू शकतो, लघवीची गळती लपते, आणि ऑपरेशननंतर ती अचानक सुरू होऊ शकते.