जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊ इच्छिणाऱ्यांस मार्गदर्शन

जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घेऊन ती नव्याने उभी करण्याची इच्छा असेल, तर पहिली अट अशी की त्या गाडीविषयी आपल्याला काहीही ठाऊक असता कामा नये. माहीतगार गिऱ्हाईक हा या व्यवहारातला सर्वांत मोठा अडथळा आहे, असे नाशिक परिसरातल्या विक्रेत्यांचे एकमुखी मत दिसते. गेल्याच आठवड्यात गिरणाऱ्याच्या पुढे, एका द्राक्षबागेच्या शेडमध्ये, मी या मताचा प्रसाद घेऊन आलो आहे, म्हणून माझ्या मागून त्या वाटेने जाणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी सांगणे मला कर्तव्य वाटते.

गाडीला दोन दारे असली की ती स्पोर्ट्‌स कार धरावी, आणि वर छप्पर नसले तर ती इंग्लंडहून आलेली धरावी. खऱ्याखुऱ्या एमजी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर आपल्या देशात कशा आल्या, हा प्रश्न शेडमध्ये उभे राहून विचारू नये. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले, आणि पुढे ज्या थोड्या गाड्या आल्या त्यांतल्या बऱ्याचशा वकिलातींमधल्या अधिकाऱ्यांबरोबर येऊन नंतर सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या, हा इतिहास आपल्याला माहीत असला तरी तो मनातच ठेवावा. कारण त्या इतिहासाबरोबर सीमाशुल्क भरल्याचा कागद येतो, आणि तो कागद मागितला की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि चहा सांगितलेला असूनही येत नाही.

नाशकात जुन्या गाडीचा पहिला मालक दोनच प्रकारचा असतो. एक देवळाली कॅम्पातला कर्नल, दुसरा देवळालीतलाच पारशी. दोघांनीही गाडी फक्त रविवारी बाहेर काढलेली असते, तीही सकाळी, ऊन चढण्याच्या आत. आरसी बुकावर तिसरेच नाव असले आणि पत्ता सटाण्याचा असला, तरी कर्नलसाहेबांच्या स्मृतीचा मान राखून गप्प बसावे.

फोटो मागवू नयेत. आले तरी ते तीन पावसाळ्यांपूर्वीचे असतात.

ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेऊ नये, कारण तो गाडीखाली जातो.

खिशात चुंबक बाळगण्याची वाईट सवय असेल तर ते घरीच ठेवून निघावे. जिथे पत्रा आहे तिथे ते चिकटते आणि जिथे गंजाची भोके बुजवलेली पुट्टी आहे तिथून खाली पडते, एवढेच त्याला कळते. त्याला माणसांची मने कळत नाहीत. मी पाहिलेल्या गाडीच्या दाराच्या खालच्या कडेपासून वीतभर उंचीपर्यंत ते एकदाही टिकले नाही, आणि शेडच्या कोब्यावर दर वेळी त्याचा जो आवाज झाला त्याने विक्रेत्याचे, त्याच्या चुलतभावाचे आणि दलालाचे संभाषण थांबत गेले. नंतर दलाल म्हणाला, "सर, तुमचं मॅग्नेट वीक आहे." हे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ज्यांना गंजाचा मनापासून कंटाळा आहे त्यांच्यासाठी १९९८ साली गोव्यातून बाजारात आलेली सॅन स्टॉर्म आहे: दोन माणसांपुरती, फायबरच्या बॉडीची, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन असलेली, आणि खरोखरच स्पोर्ट्‌स कार म्हणून काढलेली. पण तिच्यात पत्र्याचे काम निघत नाही, त्यामुळे गॅरेजवाले तिच्याविषयी फारसे आदराने बोलत नाहीत.

आता मुख्य उपदेश. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी राहिलेली नसावी, याची खात्री करून घ्यावी. माझ्यासमोर जी 'ट्रायम्फ ओपन स्पोर्ट्‌स, इम्पोर्टेड' म्हणून ताडपत्रीखालून प्रकट झाली ती स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासमध्ये बनलेली, आपल्यातल्या अनेकांच्या घरी किंवा शेजारी कधीकाळी असलेली. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट हेराल्डइतकी पुन्हा उभी करण्याजोगी गाडी दुसरी मिळणे कठीण. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली ती काढली, रेखाटन इटलीच्या जोवान्नी मिकेलोत्तीचे, आणि १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. बाकीचे कारखाने वेगळी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सोडून एकसंध बॉडीकडे वळत असताना हिची चासी वेगळीच ठेवली गेली, कारण कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला होता आणि बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून घेऊन ते बोल्टने जोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. बॉनेट मडगार्डांसकट अख्खे पुढे उघडते आणि इंजिनाशेजारी टायरवर बसून काम करता येते. हीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर निघाली, म्हणजे विक्रेता स्पोर्ट्‌स कारच्या नात्याविषयी अगदीच खोटे बोलत नव्हता. चुलत बहिणीचे नाव सांगून तो हिचे स्थळ खपवत होता, इतकेच.

तर ही गाडी बोल्टने जोडलेली आहे. तिचे छप्परसुद्धा. दोन दारांच्या हेराल्डचे छप्पर पुढे काचेच्या चौकटीवर आणि मागे डिकीच्या पुढच्या भागावर बोल्टने बसवलेले असते. पाना घेऊन, गंज जास्त असेल तर आधी तेल सोडून, दोन माणसांनी ते अख्खे उचलून भिंतीला टेकवून ठेवता येते आणि पावसाळा आला की परत बसवता येते. इंग्लंडमध्ये हौशी लोक हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. आमच्या विक्रेत्याने मात्र ते ग्राइंडरने कापले होते. काचेच्या चौकटीवर मूळ छपराची चार बोटे रुंद पट्टी तशीच शिल्लक होती, तिच्या कापलेल्या धारेवर काळ्या रेक्झीनची किनार चिकटवली होती, आणि ती किनार बोटाने जरा उचलून पाहिली तर खाली छप्पर धरून ठेवणारे बोल्ट आपापल्या जागी, गंजलेले पण शाबूत, दिसत होते. दाराला कडी असताना भिंत फोडून आत शिरावे, तसा हा प्रकार. मी ते बोल्ट त्याला दाखवले. तो खाली वाकला, त्याने पाहिले, आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "सर, हे कंपनीतूनच ओपन मॉडेल आलेलं आहे."

छपराचा कापलेला भाग कुठे आहे, असे मी विचारले. तो भंगारात गेला होता. मूळ स्टिअरिंग कुणा मित्राला दिले होते, कार्बोरेटर 'कामाचा नव्हता' म्हणून गेला होता, डॅशबोर्डची घड्याळे काढून तिथे गाणी वाजवायचा डबा बसवला होता, आणि ९४८ सीसीच्या मूळ इंजिनाच्या जागी मारुती व्हॅनचे इंजिन होते, कारण मूळ इंजिनाचे सामान मिळत नाही. सामान मिळत नाही हे वाक्य ज्या शहरात सातपूर आणि अंबड अशा दोन औद्योगिक वसाहती आहेत, जिथे गल्लोगल्ली लेथ चालतात आणि नमुना नेऊन दिला तर बुश, पिन, शाफ्ट पाहिजे त्या मापाचे करून मिळतात, त्या शहरात बसून बोलायला एक प्रकारचे धैर्य लागते. नमुना नेऊन दिला तर, हे मात्र खरे. नमुनाच भंगारात घातल्यावर अंबडचा लेथवाला बिचारा काय करणार?

पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये तेल कधी सोडले होते, हा प्रश्नही मी केला, जो आपण करू नये. हेराल्डच्या आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकांचे वळण खालच्या बाजूला एका आटे असलेल्या पितळी सांध्यावर होते, तोच हा ट्रनियन. तिथे ग्रीस नव्हे तर घट्ट गिअर ऑइल सोडायचे असते, आणि ते वर्षानुवर्षे सोडले नाही तर आत गंज धरून एके दिवशी वळणावर वरचा दांडा तुटतो आणि चाक आडवे पडते. यावर उत्तर मिळाले की ऑइल-बिल सगळे बदललेले आहे, आपण फक्त पेट्रोल टाकून मुंबईला घेऊन जा. कसारा घाटातून, अर्थातच.

किमतीच्या बाबतीत आपण निर्धास्त असावे, कारण ती आपण घरून निघाल्यापासून शेडपर्यंत पोचेस्तोवर वाढत असते. माझी गंगापूर रोडवर असताना ठरलेली किंमत गिरणाऱ्याला दुप्पट झाली. कारण विचारले तेव्हा दलालाने मोबाइलवर एक बातमी काढून दाखवली: जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, २०,००० रुपये भरले की दहा वर्षांची निश्चिंती. सगळे खरे आहे. गाडीची पहिली नोंदणी १९६६ ची, म्हणजे वयात तीही बसत होती. फक्त त्याच नियमात असेही लिहिले आहे की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या नियमाच्या जोरावर किंमत दुप्पट झाली होती, त्या नियमातून या गृहस्थाने स्वतःच्या ग्राइंडरने स्वतःची गाडी बाहेर काढली होती, आणि उरलेसुरले इंजिन बदलून पूर्ण केले होते. आणि अशी नोंदणी मिळालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे यांपुरतीच रस्त्यावर आणता येते, हे दलालाच्या बातमीत खाली होते. तो तिथपर्यंत पोचला नव्हता.

कागदांविषयी सांगायचे तर 'कागद क्लिअर आहेत' या वाक्यानंतर पुढे काही विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. आरसी बुक आजोबांच्या नावावर होते. आजोबा वारले त्याला बरीच वर्षे झाली. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म असतो, इतर वारसांची संमती लागते, आणि त्यानंतरच २९ व ३० नंबरच्या फॉर्मांनी ती माझ्या नावावर येऊ शकते, हे मी सांगितले तेव्हा असे कळले की एक काका पुण्याला आहेत, त्यांच्याशी बोलणे नाही, आणि जळगावच्या आत्याला गाडी अजून आहे हेच माहीत नाही. पुस्तकावर नोंदलेला इंजिन नंबर ज्या इंजिनाचा, ते इंजिन आता जगात नव्हते. चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घ्यावा म्हणून मी कागद काढला, तर त्या जागेवर नवा काळा रंग इतका जाड बसला होता की कागदावर एकही आकडा उमटेना. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी नंबराची गाडी, संगणकात जिची नोंद चढलेली असेलच असे नाही, आणि हे सगळे घेऊन मी पेठ रोडवरच्या आरटीओत जायचे. "तुम्ही फक्त घेऊन जा, पासिंगचं आपला माणूस बघतो." आपला माणूस! त्या माणसाचा फोन नंबर मागितला तर तोही मिळाला नाही.

तीन जण रांगेत आहेत, असेही मला सांगण्यात आले. असतील. दुर्दैवाने असतीलच, कारण छप्पर कापलेली गाडी लग्नाच्या वरातीला चालते, फोटोला चालते, आणि तिच्यात काय होते हे विचारणारा वरातीत कुणी नसतो. पैसे मोजणारे आहेत म्हणून कापणारे आहेत. जो असली गाडी घेतो, वर आणखी भडक रंग मारून तिला 'रिस्टोर केली' म्हणतो, त्याने कृपा करून तो शब्द वापरू नये. त्याने गाडी रंगवली आहे, एवढेच.

आणि विकणाऱ्यांनो, तुम्हाला सरळ सांगतो. गाडी आजोबांची होती, तिच्यात बसून तुम्ही सप्तशृंगीला गेला होता, सगळे मान्य आहे. मग वीस वर्षे ती ताडपत्रीखाली, द्राक्षाची फवारणी केलेल्या पाइपांच्या आणि खतांच्या गोण्यांच्या शेजारी का सडवलीत? त्या वीस वर्षांत तुमच्याकडे येऊन गाडी मागणारे लोक होते, त्यांना तुम्ही 'घरातली आठवण आहे, विकायची नाही' म्हणून हाकललेत. तेव्हा तिला छप्पर होते, इंजिन होते, आत्या आणि काका एकमेकांशी बोलत होते. आता आठवणीचे तुकडे करून एक भंगारात, एक मित्राला आणि एक कबाड्याला दिल्यावर जो सांगाडा उरला, त्यावर तुम्ही आठवणीची किंमत लावता आणि शाबूत गाडीचा भाव मागता. हे लबाडीचे आहे. चुंबक पडले तेव्हा तुम्हाला ते कळले होते, बोल्ट दाखवले तेव्हाही कळले होते, आणि तरीही तुम्ही माझ्या तोंडावर कंपनीचे नाव घेऊन खोटे बोललात. जिला नीट ठेवता येत नाही ती गाडी वेळेवर, पूर्ण, कागदांसकट विका. ती घ्यायला माणसे आहेत आणि चांगला भाव द्यायलाही तयार आहेत. ते जमत नसेल तर निदान तिला हात लावू नका, ग्राइंडर तर मुळीच नको.

दलालांना सांगायचे एवढेच की काल पुन्हा तुमचा फोन आला होता आणि किंमत आणखी वाढल्याचे तुम्ही मला कळवलेत. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा आकडा नका सांगू. चासी नंबरावरचा रंग खरवडला का आणि पुण्याच्या काकांनी सही केली का, ते सांगा.