वर्ष कशाला वाया घालवायचं?

काल शेजारच्या विंगमधून पेढे आले. पोरगी एमबीबीएस झाली, तेही सरकारी कॉलेजातून. लालबागच्या दोन खोल्यांत पोटमाळ्यावर बसून अभ्यास केलेली पोर, आनंद झालाच. तिची आई पेढ्याचा बॉक्स पुढे करत म्हणाली, "आता तो एक वर्षाचा बॉण्ड आहे ना, तो भरून टाकू. दहा लाख जातील, काढू कर्ज. कुठल्या तरी खेड्यात वर्ष कशाला वाया घालवायचं?"

बॉण्ड म्हणजे सरकारी कॉलेजात शिकलं की एक वर्ष सरकारी दवाखान्यात काम करायचं, नाहीतर दहा लाख दंड भरायचा. पेढा तोंडात होता म्हणून बोलले नाही. इथे बोलते.

३१ वर्षं मी सिस्टर म्हणून काम केलं. त्यातली बरीचशी पूर्व उपनगरात, खाडीच्या बाजूच्या वस्तीतल्या एका हेल्थ पोस्टवर, म्हणजे छोट्या आरोग्य केंद्रावर. तिथे आमच्याकडे एक आरोग्य स्वयंसेविका होती. वय माझ्याएवढंच, शिक्षण सातवी. सगळे तिला आपा म्हणायचे, मीसुद्धा.

आपाला ट्रेनिंग मिळालं होतं. म्हणजे कसं, हॉलमध्ये तीन दिवस, भिंतीवर इंग्रजी स्लाइड, मध्ये समोसा आणि शेवटी एक फाइल व पेन. त्यातलं तिला काय समजलं ते तीच जाणे. खरं शिकली ती गल्लीत. पोलिओच्या डोसाच्या बाटलीवर लेबलात एक गोल असतो आणि त्याच्या आत फिका चौकोन. लसीला उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. हे मी तिला एका जिन्याखाली उभं राहून दोन जुन्या बाटल्या शेजारी शेजारी धरून दाखवलं होतं. पुढे एका रविवारी बूथवर, मे महिना, बर्फाचे पॅक केव्हाच वितळलेले. वरून आलेले साहेब म्हणाले, "चालतंय, द्या." आपाने बाटली उचलून बाजूला ठेवली आणि पोरांच्या रांगेसमोर म्हणाली, "साहेब, ये मैं नहीं पिलाएगी."

साहेब गप्प. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूची शेवटची केस जानेवारी २०११ ची. आम्हाला पदक वगैरे कुणी दिलं नाही, पण त्या चौकोनाची मला अजून आठवण येते.

तर ही आपा काम सोडून गेली. का? मानधन तीन-तीन महिने यायचं नाही. गल्लीगल्लीत खोकणाऱ्या पेशंटांना गोळ्या पोचवता पोचवता तिलाच टीबी झाला, तेव्हा रजा मागितली तर ऑफिसातून उत्तर आलं की तुम्ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहात. सहा महिने स्वतःचे उपचार पुरे केले आणि एका खासगी नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागली. मी थांबवायला गेले होते. म्हणाली, "सिस्टर, कम मिला तो चलेगा. कब मिलेगा, वो तो बोलो." तिथे एक तारखेला पगार व्हायचा.

तिच्या जागी डोंबिवलीची एक मुलगी आली, कंत्राटावर. हुशार, पदवीधर. चार महिन्यांत गेली. तिचाही दोष नाही, दीड तास प्रवास करून ज्या गल्लीत यायचं तिथे कोणी दार उघडत नव्हतं. कागदावर मात्र पद भरलेलं!

मोटिव्हेशन मोटिव्हेशन म्हणतात ना, ते भाषणातून येत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशाताईंचा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचा, सन्मान केला, छानच झालं. त्याच आशाताई मानधनासाठी आझाद मैदानात उन्हात बसतात. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या, बाळाचं वजन, ताप, श्वास बघायचा. ही योजना २०११ मध्ये आली तेव्हा सगळ्या भेटी पुऱ्या झाल्यावर २५० रुपये ठरले होते. भेटीला बेचाळीसही पडत नाहीत. आणि हे काम किरकोळ नाही. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांमध्ये त्या-त्या गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना हेच शिकवलं, वर जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायलाही. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने निरक्षर बायकांना घेऊन काम उभं केलं. त्या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, नवीन शिकून परत जायच्या. दर आठवड्याला हं, तीन दिवस आणि समोसा नाही.

आता डॉक्टर. आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा नियम. इमारत उभी राहते, डॉक्टर टिकत नाही. दहा लाखांचा दंड ठेवला की पैसेवाले सुटतात आणि ज्यांची ऐपत नाही ते नाराजीने जातात, दिवस मोजतात. माझ्या बॅचची एक मैत्रीण पालघरमधल्या विक्रमगडची. एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, होऊन जव्हारच्या बाजूला उपकेंद्रावर लागली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली, कारण तिचं माहेरच शेजारच्या पाड्यावर. तिच्या डोळ्यांदेखत मुंबई-पुण्याचे किती डॉक्टर आले नि बदली करून गेले, तिने मोजणंच सोडलं. ज्या भागात माणूस हवा त्याच भागातली पोरं निवडा, हे जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगतेय. इथे कोणीतरी लगेच लिहील की तिकडची मुलं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेत मागे पडतात. पडतील ना, क्लास सगळे दादरला आणि लातूरला!

असो. संध्याकाळी ती मुलगी स्वतःच आली, आई-बाबांना न सांगता. म्हणाली, "मावशी, मला जायचंय खरं तर. पण तिथे एकटीने पेशंट बघायचे, वर विचारायला कोणी नाही, भीती वाटते. आणि क्वार्टरला पाणी असतं का हो?"

जव्हारकडच्या त्या मैत्रिणीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पाणी सकाळी येतं, तासभर," ती म्हणाली. "दोन मोठे ड्रम घेऊन ये म्हणावं. आणि रात्री बाळंतीण आली की मला हाक मार, मी चालत येते."