नळाचं वेळापत्रक आणि डेंग्यू

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात डेंग्यूचं खापर घरोघरच्या निष्काळजीपणावर फोडलंय, ते मला पटलं नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, भर पावसाळ्यातही फारसा फरक पडत नाही. मग पिंप, टाकी, हंडे, कळशा, मिळेल ते भरून ठेवावं लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायलाही साधारण आठ-दहाच दिवस लागतात. म्हणजे पुढचं पाणी येईपर्यंत डासांची एक पिढी घरातच तयार!

आशाताई येतात, टॉर्च मारून पिंपातल्या अळ्या दाखवतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, म्हणतात. बरोबरच सांगतात त्या. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पण शेवटचं पिंप ओतून दिलं तर स्वयंपाक कशावर करायचा? गेल्या वर्षी माझ्या पुतणीला डेंग्यू झाला, तेव्हा वहिनीची पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. वर दोषही तिलाच, पिंपाला झाकण का नव्हतं म्हणून.

धूर फवारणीने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. त्यापेक्षा पाणीपुरवठा आणि आरोग्य विभागाने एकत्र बसून निदान चार दिवसांआड तरी पाणी सोडावं.