रूथचं पुस्तक फक्त सुनेसाठी नाही

आपल्या ख्रिस्ती लग्नांच्या पत्रिकांवर बायबलमधल्या रूथचं वचन हमखास भेटतं. तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. पाळकही बऱ्याचदा त्यावरच बोलतात आणि बोलण्याचा सगळा रोख नवरीकडे असतो. आता हे घर तुझं, या माणसांत मिसळून जा. मला हे वाचन अर्धवट वाटतं.

हे शब्द नवऱ्यासाठी नाहीतच. ते सून रूथ सासू नामीला म्हणते, आणि तेही दोघी विधवा झाल्यावर, रूथच्या मवाब देशातून नामीच्या बेथलेहेमच्या वाटेवर. नामीने तिला धरूनही ठेवलेलं नव्हतं. माहेरी जा, पुन्हा संसार कर, असं ती दोन्ही सुनांना परत परत सांगत होती. दुसरी सून अर्पा रडत माघारी गेली, तर पुस्तक तिला एका शब्दाने दोष देत नाही. ज्यांना सुनेकडून निष्ठा हवी असते, त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

आमचं घर बेळगावातलं. आई खानापूरकडची, मराठी. बायको बैलहोंगलची, कन्नड शाळेत शिकवते. रात्रीच्या प्रार्थनेला एकच अध्याय दोन पुस्तकांतून वाचला जातो, एक वचन मराठीत, पुढचं कन्नडमध्ये. पोरांना त्यात काही वेगळं वाटत नाही. सीमाभागात अशी घरं पुष्कळ आहेत. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनचा वाद आपल्या पिढीने मोर्च्यांत आणि पाट्यांवर पाहिला. पण त्याच गावात मराठी सासू आणि कन्नड सून एका चुलीवर जेवण करतात, ते कुणी लिहीत नाही.

वडील गेले तेव्हाचं सांगतो. माणसं भेटायला येत होती. आई प्रत्येकाला म्हणायची, ‘आता माझं कोण राहिलंय, घर रिकामं झालं.’ बायको शेजारीच चहाचा ट्रे घेऊन उभी. मला ते फार लागलं. ती मात्र काही बोलली नाही. सकाळी उठून तिने आईच्या बीपीच्या गोळ्या काढल्या, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर ते विचारून घेतलं आणि बसला गेली.

नंतर कधीतरी रूथचा पहिला अध्याय वाचताना मी थबकलो. बेथलेहेमात शिरल्यावर गावच्या बायकांना नामी हेच सांगते: मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. रूथ तिथेच, तिच्यासोबत. पुस्तकाने ते झाकलं नाही आणि रूथच्या तोंडी उत्तरही घातलं नाही. पुढच्याच अध्यायात ती विचारते, शेतात सरवा वेचायला जाऊ का? दिवसभर राबून ती एफाभर सातू आणते, म्हणजे आपल्या मापाने वीस-बावीस लिटर. दुपारी शेताचा मालक बवाज याने दिलेला हुरडा पोटभर खाऊन उरलेला ती बांधून ठेवते आणि संध्याकाळी सासूच्या हातात देते. पुस्तकात ही अगदी एका ओळीची गोष्ट आहे. माझ्या मते सगळा विश्वास त्या उरलेल्या हुरड्यात दिसतो.

आमच्याकडे ते उलट्या बाजूने घडलं. बायकोची बस चुकली की घरी यायला रात्र होते. आई तिची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवते, शेंगदाण्याची चटणी वाटीत, वर झाकण. पोरांनी हात घातला तर ओरडते. बायको दारात आली की आई आधी विचारते, ‘ऊटा आतेन?’ म्हणजे जेवण झालं का? एवढंच कन्नड तिला नीट येतं. आपण मराठी आहोत आणि ही कन्नड, हे तिथे कुठे राहतं?

म्हणून मला रूथचा तिसरा अध्याय फार मोठा वाटतो. सुरुवातीलाच नामी म्हणते की मुली, तुझं बरं व्हावं म्हणून मी तुझ्यासाठी ठिकाण पाहायला नको का? रिकामी आले म्हणणारी बाई आता परक्या जातीच्या सुनेचं भलं बघते आहे. नियमशास्त्रात मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत मज्जाव होता, आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर प्रभू येशूच्या वंशावळीत या मवाबी रूथचं नाव आहे. हे ज्या मंडळीला माहीत आहे, तिने मुलगी आपल्याच भाषेची हवी म्हणून स्थळं परतवावीत हे मला पटत नाही. मराठीवाले तसं करतात, कन्नडवालेही करतात. उपासना आधी कुठल्या भाषेत घ्यायची यावरून वडीलमंडळींत तट पडतात, तेही त्यातलंच. पोरं हे सगळं बघत असतात. संडे स्कूलमध्ये कितीही वचनं पाठ करून घेतली तरी घरातल्या आजीने सुनेचं ताट झाकून ठेवलं की नाही, यावरून ती शिकतात.

पुढच्या महिन्यात आमच्या भावकीत लग्न आहे. मुलगी अथणीची, घरी कन्नड बोलणारी. वचन वाचायचं काम माझ्याकडे दिलंय. मी पाळकांना सांगून ठेवलंय की मी रूथचा तिसरा अध्याय उघडणार. नवऱ्या मुलाच्या आईला पुढच्या बाकावर बसवा.