सराफाने पास केलेला होन

नमस्कार,

"सराफ बाजारातल्या जुन्या पेढीवर कस लावून घेतला, बावीस कॅरेट निघाला. तरी तुम्ही फोटो पाहून आमच्या आजोबांच्या शिवकालीन होनाला, सोन्याच्या नाण्याला, प्रतिकृती म्हणता, हा महाराजांचा अपमान आहे," असं तुम्ही लिहिलंत. राग समजला. पण तो विकायला काढलाय असंही त्यात आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुमच्या सराफांनी चुकीचं काहीच सांगितलेलं नाही. कसोटीचा दगड सोन्याचा कस सांगतो. ते सोनं १६७४ साली ठशाखाली गेलं की गेल्या दिवाळीत, हे त्याला सांगता येत नाही. बनावट नाणं म्हणजे पितळेवर मुलामा, या समजुतीपायीच माणसं फसतात. खऱ्या सोन्यातच नक्कल केली तर कस, ॲसिड, मशीन, सगळीकडे ती पास होते. शिवाय करणाऱ्याला परवडते, कारण अस्सल होन इतके दुर्मीळ आहेत की त्या नावावर सोन्याच्या भावाच्या कित्येक पट मागता येतात.

वजन तुम्हीच दिलंय, पाच ग्रॅम. शिवरायांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो. वापरून नाणं हलकं होतं, जड होत नाही. माझ्यापुरता प्रश्न इथेच मिटतो.

तरी फोटोकडे पुन्हा बघा. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं अगदी मधोमध, भोवतीचं ठिपक्यांचं वर्तुळ दोन्हीकडे पूर्ण. हातोड्याने पाडलेल्या नाण्यावर ठसा सरकतो, ठिपके एका अंगाला तुटतात, एखादं अक्षर कडेबाहेर जातं. तुमच्या होनावर 'जा'च्या काठाशी सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडाही बोथट आहेत. ही ओतकामाची, म्हणजे साच्यात सोनं ओतून नाणं केल्याची लक्षणं.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात १९०६ साली जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतलेला. नव्या चिन्हांखालून नहपानाचा चेहरा कुठे नाकापर्यंत दिसतो, कुठे नुसता कान उरलाय. जुनी नाणी अशी आडवीतिडवी असतात, आणि अभ्यासकाला त्या आडवेतिडवेपणातूनच इतिहास वाचता येतो. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र गिऱ्हाइकाला आवडेल असं देखणं नाणं हवं असतं.

आजोबांवर माझा काडीचाही संशय नाही. पूजेसाठी सोन्याची मुद्रा घडवून घेणं, राम-सीतेचं चित्र असलेली रामटंका देवघरात ठेवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुतळी तरी काय, व्हेनिसच्या डुकाट नाण्याची नक्कल करता करता आपल्या सोनारांनी तिचा दागिना केला, तिला कुणी खोटी म्हणत नाही. तुमचा होन दसऱ्याला जरूर पुजा. पण शिवकालीन म्हणून तो कुणाला विकू नका, एवढं मी आग्रहाने सांगतो. घेणारा कदाचित आयुष्याची पुंजी त्यात घालेल, तीही महाराजांच्या नावावर विश्वास ठेवून.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. एकदा जाऊन खरी नाणी डोळे भरून पाहा. होन घासूनपुसून चकचकीत करू नका, कसोटीवर पुन्हा ओढू नका. आणि मला कडेचा जवळून घेतलेला फोटो पाठवा. साच्याच्या सांध्याची रेघ राहिली असेल तर तिथे सापडेल.